बारका हाय, झोपा

“पोरगी माझ्या घरातनंच भरती होणार,” हे वाक्य लालासाहेब निकमांनी बोलायला नको होतं. पण जेवणात मटण होतं, समोर सासरे होते, आणि सासऱ्यांसमोर बसून मटण खाताना भल्याभल्यांच्या तोंडून नको ती वाक्यं जातात.

सासरे म्हणजे सुभेदार धोंडिराम माने. फौजेतून येऊन वीस वर्षं झाली तरी त्यांच्या पायजम्याला इस्त्रीची धार असायची. गाव खटाव तालुक्यात. तिथं घरटी एक फौजी, आणि गावाबाहेरच्या माळावर कोंबडं आरवायच्या आधीपासून पोरापोरींची पळापळ. नात शिवांजली पोलिस भरतीला उतरणार हे कळल्यावर सुभेदार तडक मिरजेला आले, पाटावर बसले आणि पहिला घास गिळायच्या आत म्हणाले, “पोरगीला माझ्याकडं धाडा. भरतीपातुर वाऱ्यागत पळाय लावतो. हितं तुमच्या घरात नऊला उजाडतंय.”

हे खोटं होतं. निकमांच्या घरात साडेआठला उजाडायचं. पण लालासाहेबांना ते त्या वेळी सुचलं नाही.

त्यांच्या मनात दुसरंच चाललं होतं. एकुलती एक पोरगी. भरती झाली की ट्रेनिंगला जाणार, मग कुठं गडचिरोलीला नाहीतर पालघरला नेमणूक, मग लग्न. म्हणजे ती या घरात राहायची ती भरतीपर्यंतच. तेवढे चार महिनेसुद्धा उचलून सासऱ्याला देऊन टाकायचे? पण जावयानं सासऱ्यासमोर असलं हळवं बोलायचं नसतं. म्हणून ते ते वाक्य बोलले, आणि वर म्हणाले, “मी सोडतो की रोज पहाटे ग्राउंडला. त्यात काय एवढं?”

भाकरी वाढताना क्रांतीचा, म्हणजे त्यांच्या बायकोचा, हात हवेतच थांबला. शिवांजलीला रश्श्याचा ठसका लागला. सुभेदारांनी हाडूक ताटाच्या कडेला ठेवलं.

“तुमी? पहाटं?”

“व्हय.”

“ठीक हाय. तीन खाडं माफ न्हाईत, तीन खाड्यांत खेळ खलास. तिसरा खाडा पडला की मी जीप घिऊन दारात. मंजूर?”

“मंजूर,” लालासाहेब म्हणाले, आणि त्यांनी आणखी रस्सा मागितला. पुढचं जेवण त्यांना कसं लागलं ते त्यांना आठवत नाही.

आता अडचण अशी, की क्रांती नर्स. मिरजेत दगड भिरकावला तर तो कुठल्या ना कुठल्या दवाखान्यावर पडतो, आणि दवाखाना म्हटला की नाइट आली. नेमकी तिची दोन महिन्यांची नाइट लागली होती. एरवी घरातल्या दोघा झोपाळूंना उठवायचं काम तिचं. तिची पद्धत फार साधी होती. ती उशाशी उभी राहायची आणि बारीक आवाजात, “तुमच्या बहिणीनं दिवाळीला काय केलं माहीत आहे का,” एवढं म्हणायची. दुसऱ्या वाक्याच्या आत लालासाहेब मोरीत दात घासत असायचे. पण ही विद्या तिच्यापाशीच होती, आणि ती रात्रभर दवाखान्यात.

लालासाहेबांच्या झोपेबद्दलही थोडं सांगायला पाहिजे, कारण ती साधीसुधी झोप नव्हे. तिला इतिहास आहे. लालासाहेबांचा जन्म कोयनानगरचा. वडील धरणाच्या कामावर, घर प्रकल्पाच्या कॉलनीत. तिथल्या पोराला पाळणा आई हलवते का जमीन हलवते, हे कळायच्या आत ते रांगायला लागलेलं असतं. धक्के यायचे, जायचे. त्यांची आई मनुबाई ही त्यातली जाणकार. मांडणीवरची नुसती झाकणं वाजली तर बारका धक्का. तांब्या खाली पडला तर मात्र उठून अंगणात जायचं. तांब्या सहसा पडायचा नाही. त्यामुळं खाट हलायला लागली, भांडी किणकिणायला लागली, की मनुबाई डोळे न उघडता म्हणायची, “बारका हाय, झोपा.” आणि अख्खं घर कूस बदलून झोपायचं.

असल्या तालमीत तयार झालेला माणूस. त्याला कुणी हलवलं की तो जास्तच गाढ झोपतो. भांडी वाजली की घोरायला लागतो. कुंभार्ली घाटात एसटी वळणाला लागली, माणसं खिडकीतून तोंड काढून ओकायला लागली, की लालासाहेब शेजाऱ्याच्या खांद्यावर मान टाकून समाधीत जायचे. क्रांतीला हे लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. म्हणून तर ती कधी हलवायच्या भानगडीत पडली नाही.

शिवांजलीला भूकंपाचा वारसा नव्हता. तिचं मोबाइलवर भागायचं. भरतीचे प्रश्न बघते म्हणून ती दहाला फोन हातात घ्यायची, आणि महाराष्ट्रातलं सर्वांत मोठं पठार कुठलं इथून सुरू झालेली पोरगी मध्यरात्रीनंतर कुठल्यातरी नवरीच्या मेंदीवर येऊन थांबायची. अलार्म तीही लावायची. पण तो झोपेतच बंद करायची कला तिला अवगत होती. फोन पायथ्याला ठेवला तर पायाच्या अंगठ्यानं बंद करायची.

पहिल्या पहाटेसाठी लालासाहेबांनी जय्यत तयारी केली. मोबाइलवरच कुणीतरी सांगितलं होतं, की फोन स्टीलच्या ताटात ठेवावा, म्हणजे अलार्म झाला की ताट थरथरून असा आवाज होतो, की मेलेला माणूससुद्धा उठेल. लालासाहेबांनी ताट घेतलं. खात्री असावी म्हणून त्यात दोन वाट्या आणि एक झाकणही ठेवलं.

पहाटे ताट थरथरलं. वाट्या किणकिणल्या. झाकण वाजलं. लालासाहेब इतके सुंदर झोपले, की तशी झोप त्यांना कित्येक वर्षांत लागली नव्हती. झोपेत ते हसत होते, असं साडेसातला ड्यूटीवरून आलेल्या क्रांतीनं नंतर सांगितलं. ताट अजून वाजतच होतं.

शिवांजली ज्या भरती अकॅडमीच्या ग्राउंडवर पळायची, तिथले राजवर्धन सर शिस्तीचे होते. पोरी अंधारात एकट्या येता कामा नयेत, पालकांनी स्वतः आणून सोडायचं, आणि उजाडायच्या आत गेट बंद. वर ते सुभेदारांच्याच गावचे. पहिल्या खाड्याची बातमी त्यांनी गेट बंद केल्या केल्या खटावला पोचवली.

पहिला खाडा पडल्यावर क्रांतीनं हट्टानं चार दिवस रजा टाकली, आणि त्या चार दिवसांत लालासाहेबांची सुधारणा करायची असं ठरलं. हे ठरलं घरात, पण गल्लीला कळायला वेळ लागला नाही. शेजारचे बुद्धभूषण कांबळे सर संध्याकाळी खुर्ची घेऊनच आले. ते हायस्कूलला विज्ञान शिकवायचे. पहाटे चारला उठायचे, आणि आपण चारला उठतो हे ज्याला माहीत नाही असा माणूस त्यांनी गल्लीत शिल्लक ठेवला नव्हता.

“निकमसाहेब,” कांबळे सर म्हणाले, “उठणं हे सकाळचं काम नाही. ते आदल्या दिवशीचं काम आहे. मला तुमचा दिवस सांगा.”

लालासाहेबांनी दिवस सांगितला. ते पाटबंधारेच्या एका उपविभागात आवक-जावकला होते. दुपारी डबा खाल्ला की लोखंडी कपाटाच्या मागं जरा डोळा लावायचा. सहाला घरी आलं की चहा आणि चिवडा. बातम्या लागल्या की परत चहा, कारण बातम्यांत माणसं एवढी भांडतात की बघणाऱ्याच्याच घशाला कोरड पडते. दहाला जेवण. मग पानपट्टीपर्यंत शतपावली, आणि अंथरुणावर पडून बैलगाडा शर्यतीचे व्हिडिओ. एक शर्यत डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोवर संपते, म्हणून एकच बघायची. अशी एकेक करत कुठल्या कुठं जायचे ते.

कांबळे सरांनी डोळे मिटून सगळं ऐकलं. “तुम्ही उठत नाही याचं मला नवल नाही,” ते म्हणाले. “तुम्ही झोपता कधी याचं आहे.” आणि त्यांनी दुपारची डुलकी, संध्याकाळचा चहा, उशिराचं जेवण आणि बैल, हे सगळं एका दमात बंद करायला सांगितलं.

लालासाहेबांनी बंद केलं. माणूस पेटला होता. दुसऱ्या दिवशी दिवेलागणीलाच त्यांच्या घरात ताटं वाढली. दूध घालायला आलेली साळूबाई दारातच थबकली.

“आवं साहेब, साखर निघाली व्हय?”

“न्हाई हो. लवकर जेवतोय.”

“मग बीपी आसंल,” साळूबाई म्हणाली, आणि पुढच्या घरी दूध घालताना तिनं तसं सांगून टाकलं. रात्रीपर्यंत गल्लीतली तीन माणसं लालासाहेबांना बघून गेली. तिघांनीही बसल्या बसल्या विचारलं, की कुणाला दाखवलंय. मिरजेत ही प्रेमाची पद्धत आहे. तिसऱ्या माणसाला पोचवून येईपर्यंत लालासाहेबांना अशी सपाटून भूक लागली, की त्यांनी शिवांजलीसाठी भिजत घातलेले हरभरे बोकाणे भरभरून संपवले. त्या हरभऱ्यांनी रात्री काय केलं ते लिहिण्यासारखं नाही.

चहा सोडल्यानं डोकं धरलं. डुलकी सोडल्यानं तर अब्रूच गेली. वरचे साहेब तपासणीला आले होते, टेबलासमोर उभे राहून काहीतरी विचारत होते, आणि लालासाहेब त्यांच्याकडं आदरानं बघता बघता हळूहळू पुढं झुकले आणि कपाळ शिक्क्याच्या पॅडवर टेकवून झोपले. उठले तेव्हा साहेब गेले होते आणि कपाळ जांभळं झालं होतं. नोकरीतल्या सत्तावीस वर्षांत लालासाहेब ऑफिसात रोज झोपत आले होते, पण कपाटामागं, मर्यादेनं. उघड्यावर झोपण्याची वेळ त्यांच्यावर सवयी सुधारल्यामुळं आली.

रजेचे चार दिवस क्रांतीनं बहिणीचं नाव घेतलं, लालासाहेब उठले, पोरगी वेळेवर ग्राउंडला पोचली. पोरगी पळायची छान. गेटाबाहेर गाडीवर बसून लालासाहेब अंधारात तिच्या बुटांचा आवाज ओळखायला शिकले होते. एकदा ती सगळ्यांच्या पुढं आली तेव्हा त्यांनी उगाचच हॉर्न वाजवला आणि राजवर्धन सरांची बोलणी खाल्ली.

रजा संपली. क्रांतीनं जाताना बंदोबस्त केला. “झोपायच्या आधी दोन तांबे पाणी प्या, म्हणजे आपोआप जाग येईल. मी दवाखान्यातनं फोन करते. तुम्ही नाही उचलला तर कांबळे सरांना करते. त्यांच्याकडं किल्ली दिली आहे.”

बंदोबस्त चांगला होता. पाण्यानं आपलं काम चोख केलं. लालासाहेब रात्रभर मोरीच्या वाऱ्या करत राहिले, आणि पहाट व्हायला आली तेव्हा पार दमून जे आडवे झाले ते झालेच. क्रांतीचा फोन वाजून वाजून बंद पडला. शिवांजलीनं तिचा अलार्म अंगठ्यानं बंद केला.

यापुढचं सगळं लालासाहेबांना नंतर ऐकायला मिळालं, आणि सांगणाऱ्या प्रत्येकाचं वेगळं होतं. पण एवढं नक्की, की कांबळे सर किल्ली घेऊन आले. त्यांनी हाका मारल्या. मग खांदा हलवला. तेवढ्यात साळूबाई दूध घेऊन आली, तिलाही त्यांनी मदतीला घेतलं. सर उशाकडून आणि साळूबाई पायथ्याकडून, अशी दोघांनी लोखंडी खाट धरली आणि गदागदा हलवायला सुरुवात केली. कोनाड्यातला पेला आणि त्यावरचं झाकण वाजायला लागलं.

आणि लालासाहेब डोळे मिटूनच, अगदी स्पष्ट, अधिकारवाणीनं म्हणाले, “भूकंप हाय. बारका हाय, झोपा.”

कांबळे सर विज्ञानाचे शिक्षक. पण खोलीत अंधार, आणि सांगणारा माणूस कोयनेचा. त्यांनी झटकन हात काढून घेतले. तरी खाट हलतच होती. कारण पायथ्याला साळूबाई हलवत होती, पण हे सरांच्या ध्यानात राहिलं नाही. “अगं बाई, खरंच की!” असं साळूबाईला वाटलं आणि तिनंही हात सोडले. तोवर सरांनी आधारासाठी खाट परत धरली होती आणि त्यांचेच हात लटलटा कापत होते. म्हणजे साळूबाईच्या बाजूनं बघितलं तरी खाट हलतच होती. दोघांनी एकमेकांकडं बघितलं, आणि मग कुणी कुणाकडं बघितलं नाही.

“भूकंप! आरं भूकंप! पळा!” साळूबाईचा आवाज तसाही गल्लीच्या टोकाला ऐकू जातो. दुधाची किटली उंबऱ्यात सांडली. पण पोरीला विसरली नाही बाई. शिवांजलीला चादरीसकट उचलून तिनं बाहेर काढलं. बघता बघता अख्खी गल्ली कोपऱ्यावरच्या रिकाम्या प्लॉटवर. कुणी म्हातारी खुर्चीसकट आणली, कुणी टीव्ही आणला, कुणी टीव्ही आणला आणि म्हातारी राहिली म्हणून परत पळालं. जागं नव्हतं ते एकच माणूस.

“मला ग्राउंडला जायचंय ओ! खाडा पडेल माझा!” शिवांजली रडकुंडीला आली. गाडीची किल्ली आत, पप्पा आत, आणि तिला आत कोण सोडणार? “धाकटा झाला की थोरला येतो,” असं कुणीतरी जाणत्यानं सांगितलं होतं, त्यामुळं थोरल्याची वाट बघत सगळे बसून राहिले. थोरला आला नाही. मग चूल मांडून चहा झाला. साडेसातला क्रांती आली तेव्हा तिला गल्ली प्लॉटवर दिसली, घराचं दार सताड उघडं दिसलं, आणि आत नवरा उताणा.

दुसरा खाडा.

बातमी तोवर लांब गेली होती. क्रांतीच्या जतच्या चुलतबहिणीचा फोन आला, की आमच्याकडंबी हालल्यागत वाटलं. शेजाऱ्याची मेंढरं पहाटेपासून कर्नाटकाकडं तोंड करून उभी हायत. संध्याकाळी मोबाइलवर भूकंपाचे दोन वेगवेगळे आकडे फिरत होते आणि दोन्हींवरून लोक भांडत होते. प्रत्यक्षात जिथं यंत्रं असतात तिथं कसलीच नोंद नव्हती. मग तहसीलातून चौकशी आली. गल्लीनं एकमुखानं सांगितलं, “निकमसाहेबांनी सांगितलं. ते कोयनेचे.”

दोन दिवसांनी लालासाहेबांच्या ऑफिसला पत्र आलं, की आपल्या कार्यालयातील कर्मचारी श्री. निकम यांनी भूकंप झाल्याचे जाहीर केल्याबाबत खुलासा व्हावा. आवक-जावकला लालासाहेबच होते. त्यांनी पत्रावर शिक्का मारला, नंबर टाकला, आणि ते स्वतःच साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवलं. सत्तावीस वर्षांत एक कागद इकडचा तिकडं केला नव्हता, तो आता कुठं करणार?

“निकम, तुम्ही जाहीर कशाला केला भूकंप?” साहेबांनी विचारलं.

“साहेब, मी झोपेत होतो.”

“सरकारी माणसाला झोपेत होतो असं लिहून देता येत नाही. ‘विश्रांती घेत असताना’ लिहा.”

“आणि मी पळा म्हणालोच नव्हतो. मी झोपा म्हणालो होतो,” लालासाहेब म्हणाले. हे त्यांना फार लागलं होतं. सल्ला योग्य होता, तो कुणी ऐकला नाही, आणि खुलासा त्यांच्याकडं मागत होते. “वर बारका हाय असंसुद्धा सांगितलं होतं.”

साहेबांनी तेही लिहायला सांगितलं. मालमत्तेचं नुकसान या रकान्यात दूध लिहिलं.

गल्लीनं मात्र खुलासा मागितला नाही, सरळ बोलणं कमी केलं. कांबळे सरांच्या वर्गात कुणीतरी फळ्यावर खाट काढली होती, त्यामुळं त्यांनी घराची किल्ली परत धाडली होती, आणि लालासाहेब समोरून येताना दिसले की ते रस्ता ओलांडायचे. भूकंपाच्या धास्तीनं अकॅडमीनं तीन दिवस ग्राउंड बंद ठेवलं होतं, म्हणून तेवढे खाडे वाचले. आणि खटावहून फोन आला.

“ऐकलं मी,” सुभेदार म्हणाले. “जमीन हालली, पर जावय हालला न्हाई.”

“मामा, जमीन हलली नव्हती.”

“मग तर लयच झालं. जीपमधी डिझेल भरून ठिवलंय.”

त्या रात्री क्रांती ड्यूटीवर गेल्यावर शिवांजलीनं स्वतःचा फोन बंद करून कपाटात टाकला, बापाचा काढून घेतला आणि तोही बंद करून टाकला. पिठलं-भाकरी तिनंच केली. पिठल्यात गुठळ्या झाल्या होत्या. लालासाहेबांनी दोनदा मागून घेतलं.

“पप्पा, मला आबांकडं नाही ओ जायचं,” ती ताटात बोट फिरवत म्हणाली. “तिथं बोलायला कुणी नाही. आजी गेल्यापासून आबा नुसते ऑर्डरी सोडतात. मी इथंच पळते चांगली.”

“कोण नेतंय तुला? मी हाय की.”

“तुम्ही आहात हो,” शिवांजली म्हणाली आणि हसली. मग अंथरुणावर पडल्यावर तिकडून तिचा आवाज आला. “पप्पा, उद्या उठवा हं मला. मी तुमच्या भरवशावर झोपते.”

एवढं बोलली आणि लगेच झोपली पोरगी. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी उठण्याच्या बाबतीत लालासाहेबांवर भरवसा टाकला होता. त्यांना गहिवरून आलं. त्या गहिवरातच त्यांना झोप लागली.

आणि पहाटे जाग आली. कशानं आली ते लालासाहेबांना आजतागायत कळलेलं नाही. ताट वाजलं नाही, पाणी प्यायलेलं नव्हतं, बहिणीचं नाव कुणी घेतलं नव्हतं. डोळे उघडले आणि ते उघडेच राहिले. बाहेर काळोख. जंक्शनवर कुठली तरी गाडी शिटी देत होती. लालासाहेब उठून बसले, आणि आपण खरंच उठलोय का हे बघायला त्यांनी दिवा लावून आरशात तोंड बघितलं. तोंड त्यांचंच होतं.

काय आनंद झाला म्हणून सांगू! माणूस घरभर पायांच्या चवड्यांवर फिरत होता. पोरीला तोंड धुवायला पाणी तापत ठेवलं. हरभरे उपसून वाटीत काढले, एकही तोंडात टाकला नाही. बाहेर जाऊन गाडीची सीट पुसली. गार वारा होता. लालासाहेबांनी छाती भरून घेतला, आणि सासऱ्यांना आत्ताच्या आत्ता फोन लावून नुसतं “काय मामा?” एवढंच म्हणावं असं त्यांना फार वाटलं. मग ते पोरीला उठवायला गेले.

शिवांजली कुशीवर झोपली होती. एक हात गालाखाली, तोंड जरासं उघडं. पाय चादरीबाहेर आला होता. अंगठ्याचं नख पळून पळून काळंनिळं झालं होतं, टाचेला फोड आला होता, त्यावर क्रांतीनं पट्टी लावली होती.

“शिवू,” लालासाहेब म्हणाले. इतकं हळू म्हणाले की त्यांचं त्यांनाच ऐकू आलं नाही.

ते तिच्याशेजारी खाली बसले. घड्याळ बघितलं, वेळ होता. घटकाभर झोपू दे तिला, असं त्यांच्या मनात आलं. भरतीचं डोक्यात घेतल्यापासून ही पोरगी नीट झोपलेली नव्हती. उद्या वर्दी चढली की शिट्टीवर उठायचं, बंदोबस्ताला उभ्यानं डुलक्या घ्यायच्या. बापाच्या घरात शांत झोपायचं ते आत्ताच. परत घड्याळ बघितलं, अजून थोडा वेळ होता. फोडाची पट्टी सुटत आली होती, ती त्यांनी अलगद दाबून बसवली. पोरगी झोपेत काहीतरी पुटपुटली आणि आणखी मुटकुळं करून झोपली. त्यानंतर लालासाहेबांनी घड्याळ बघितलंच नाही.

गेट बंद झालं तेव्हा ते पूर्ण जागे होते. खिडकीत उजाडायला लागलं तेव्हाही जागे होते. आपण काय करून बसलो हे त्यांना लख्ख कळत होतं. उठवलं असतं तर पोरगी घरात राहिली असती. पण तिला हात लावून उठवणं काही त्यांच्यानं झालं नाही.

मग ते उठले, आपल्या खाटेवर गेले आणि डोक्यावरून चादर ओढून घेतली.

“पप्पा! पप्पा उठा! उजाडलं ओ! उठवलं का नाही मला?” शिवांजली चादर ओढत होती. आवाजात रडू होतं. लालासाहेबांनी जरा वेळ डोळे मिटूनच ठेवले, मग डोळे चोळत उठून बसले.

“डोळा लागला गं,” ते म्हणाले. “जागच आली न्हाई.”

साडेसातला क्रांती आली. तिनं स्वयंपाकघरात जाऊन पातेल्याला हात लावला. पाणी अजून कोमट होतं. वाटीत हरभरे उपसून ठेवलेले होते. ती दारात येऊन नवऱ्याकडं बघत उभी राहिली. लालासाहेब भिंतीकडं बघत होते. पातेलं उचलून तिनं पाणी मोरीत ओतून दिलं.

दुसऱ्या दिवशी जीप आली. सुभेदारांनी बॅग स्वतः उचलून आत टाकली. शिवांजली आईच्या गळ्यात पडून रडली, बापाच्या पाया पडली. सुभेदारांनी जीप चालू केली आणि मान बाहेर काढली.

“जावयबापू, राग मानू नगा. पर आयुष्यात एकदा तरी पहाटंचं उठून बघा. लय चांगलं वाटतंय.”

“व्हय मामा,” लालासाहेब म्हणाले. “बघतो एकदा.”

ती गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे फोन वाजला. क्रांती ड्यूटीवर होती, घरात दुसरं कुणी नव्हतं. लालासाहेब कधीचे उठून, दाढी करून, पायात चपला घालून खुर्चीवर बसले होते. फोन हातातच होता. त्यांनी तो वाजू दिला. बंद पडला. परत वाजला, तेव्हा उचलला.

“आं? कोण हाय?” घशातून जेवढा जड निघेल तेवढा आवाज त्यांनी काढला.

“पप्पा, मी! उठा आता. माझे दोन राउंडसुद्धा झाले माळावर.”

“एवढ्या लवकर? अगं, अजून काळोख हाय.”

“कारणं नकोत. पाय खाली टेका आधी. टेकले?”

“टेकले.”

“परत आडवं व्हायचं नाही. मी उद्यापण करणार फोन. रोज करणार. तुम्हाला सुधारल्याशिवाय सोडत नाही मी.” लांब कुठंतरी शिट्टी वाजली, आणि फोन बंद झाला.

तेव्हापासून ती रोज फोन करते. लालासाहेब रोज तासभर आधी उठून बसलेले असतात. पण पहिल्या रिंगला ते कधी फोन उचलत नाहीत. निदान दोनदा तरी पुरता वाजू देतात, नाहीतर पोरीला वाटायचं, आपण उठवायच्या आधीच पप्पा जागे होते.